दमट हवेत थोडी मंदावते

१० मार्च

प्रिय वन्संबाई,

'वन्संबाई' म्हटलं की तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. फोनवर आपलं बोलणं "जेवलीस का, ठमी काय करते" याच्या पुढे सरकत नाही. रेंजसाठी जिन्यात उभं राहून बोलावं लागतं आणि खालच्या मजल्यावरची बाई कान टवकारून बसलेली असते. म्हणून कागद घेतला. कागदाच्या कारखान्यात नोकरी करते, कागदाला काय तोटा.

तुझ्या दादाच्या जागेवर मला घेतलं, त्याला आता वर्ष होत आलं. सांडपाण्याच्या विभागात, स्टोअरमध्ये बसवलंय. पंपाचे वॉशर, दोर, हातमोजे लागतील तसे काढून द्यायचे. खिडकीतून तोच हौद दिसतो. सुरुवातीला मी खुर्ची फिरवून बसायचे. मग मान आखडली, तेव्हा सरळ बसायला लागले.

विचारायचं होतं ते असं. दादाचं नेमकं काय झालं ते मला एवढ्या दिवसांनी फिटरने सांगितलं. फिटर म्हणजे पंप दुरुस्त करणारा, त्याला सगळे फिटरच म्हणतात. त्या दिवशी हौदाच्या काठावर दादाबरोबर तोच होता. तो म्हणाला, तळाला लगदा कुजला की जो गॅस होतो त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. पण थोडा असेल तरच. फार झाला की आधी नाकच मरतं. तुझा दादा काठावर वाकला आणि म्हणाला, "वास गेला, उतरतो आता." मी आजवर धरून चालले होते की त्याने निष्काळजीपणा केला. मनातल्या मनात रोज भांडत होते त्याच्याशी. ते सगळं भांडण वाया गेलं.

तू तिकडे गॅस ओळखणारं काहीतरी बनवतेस एवढंच मला माहीत आहे. मला कळेल असं लिही. ठमी विचारते, आत्या शास्त्रज्ञ आहे तर तिच्याकडे पांढरा कोट आहे का.

तुझी वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

पांढरा कोट आहे, पण खिशापाशी अ‍ॅसिडने भोक पडलंय. ठमीला सांग, पेन त्यातून रोज खाली पडतं.

दादाचं वाचलं आणि पत्र खाली ठेवून बाहेर चक्कर मारून आले. लोकांना वाटतं मी हा विषय दादासाठी घेतला. तसं नाही. दादा गेला तेव्हा मी त्यावर काम करतच होते. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तोच कुजक्या अंड्यांचा गॅस, माझ्या लेखी सिलिंडरवरचं एक लेबल होतं.

मी काय करते ते सांगते. कथील माहीत आहे ना, कल्हईचं. त्याचा क्षार आणि कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचे, जाड पोलादी डब्यात भरायचे, झाकण आवळायचं आणि ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी तळाशी पांढरी पूड सापडते. हातावर घेतली तर टाल्कम पावडर. मायक्रोस्कोपखाली धरली तर सुयांचं रान, एका केसाच्या जाडीत हजारभर मावतील इतक्या बारीक. सगळ्या कथिलाच्या ऑक्साइडच्या. त्यांच्यावर तांब्याच्या ऑक्साइडचा जरासा शिंतोडा मारायचा, भट्टीत भाजायचं आणि ती पूड कालवून नखाएवढ्या चकतीवर लावायची. चकती खालून तापती ठेवून तिच्यातून वीज सोडायची. साध्या हवेत वीज अडखळत जाते. तो गॅस लागला की तांब्याचं रूप पालटतं आणि वीज सुसाट सुटते. त्यावरून कळतं की गॅस आहे. सुया एवढ्या बारीक का, तर गॅसला चिकटायला जागा जास्त मिळावी म्हणून.

गेल्या आठवड्यात ते जमलं. गॅस सोडला आणि आलेखाची रेघ सरळ उभी राहिली. आमचे सर हसले. त्यांचे दात मी पहिल्यांदाच बघितले.

फिटरचा उल्लेख तुझ्या पत्रात बराच आलाय. माझं कामच बारीक बघायचं, काय करू.

तुझी लाल नाकाची वन्सं

२४ एप्रिल

वन्सं,

तू तुझ्या सुया बघ, माझ्या पत्रातले फिटर मोजू नकोस.

तुझं पत्र मी आमच्या विभागाच्या मुकादमाला वाचून दाखवलं. त्याने मध्येच थांबवून विचारलं, "म्हणजे दिवा लागेल असं काही करता येतं का?" आमच्याकडे एक विकतचा मीटर आहे, पण तो साहेबांच्या कपाटात. त्याचा सेल कधीच संपलाय. बाहेरून कोणी तपासायला आलं की तो पुसून टेबलावर मांडतात, गेलं की परत आत. नवीन मागितला तर साहेब म्हणतात, वर लिहिलंय. वर कुठे, ते त्यांनाच ठाऊक.

हौदातला पंप महिन्यातून एकदा तरी तुंबतो आणि कोणाला तरी खाली उतरावंच लागतं. दादानंतर कोणी तयार होत नाही, म्हणून फिटर उतरतो. उतरायच्या आधी स्टोअरमध्ये येतो, दोर मागतो आणि उगाच विचारतो, ठमीचं गणित कसं चाललंय. मी दोर देते. मग खिडकीला पाठ करून बसते, तो वर येईपर्यंत. हे दुसऱ्यांदा माझ्याच्याने होणार नाही गं.

तुझ्याकडे एखादी चकती उरलेली असेल तर पाठव. साधी, हिरवा-लाल दिवा असलेली. आम्हाला आलेख नको.

वहिनी

२० मे

वहिनी,

या पत्राबरोबर डबी पाठवते आहे. साबणाच्या वडीएवढी आहे. जाळीमागे माझी चकती, आत चकती तापवणारी तार आणि सेल. आमच्या इथल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने दिव्याचं बसवून दिलं. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गॅस. दोराला बांधून खाली सोडता येईल.

ही अजून परीक्षेत आहे हे लक्षात ठेव. आम्ही हिला कोरड्या हवेत तपासलंय आणि तिथे ती चटकन बोलते. दमट हवेत थोडी मंदावते, तेवढं बघायचं राहिलंय. सरांनी या कामाचा पेपर छापायला धाडून दिला. ते म्हणाले, दमटपणाचं पुढच्या पेपरात घेऊ.

तुझी वन्सं

९ जून

प्रिय वन्सं,

डबी पोचली. तिला इथे सगळे 'वन्संची डबी' म्हणतात. तुझी वन्सं असण्यापासून काही सुटका नाही. मुकादमाने ती पहिल्याच दिवशी कारखान्यामागच्या नाल्यावर क्षणभर धरली. तिथे नेहमीच वास मारतो. दिवा लाल झाला. बाजूला घेतली, थोड्या वेळाने पुन्हा हिरवा. मुकादम एवढा खूश झाला की रखवालदाराच्या डब्यावर धरून बघत होता, त्यातल्या भाजीला लाल होते का.

फिटरने तिच्यासाठी पत्र्याची टोपी केली, वरून शेवाळ पडू नये म्हणून.

आता तू जे बारीक बघतेस ना, त्याबद्दल. रविवारी फिटर घरी आला होता. पंख्याचं बेअरिंग बदलायला, असं म्हणाला. पंखा चालूच होता. बेअरिंग खिशातच राहिलं, ठमीला भूमिती शिकवून गेला. जाताना म्हणाला, "तुमच्या नणंदेला माझ्याबद्दल काय वाटेल, ते एकदा विचारून ठेवा." मी दार लावून घेतलं आणि मग बराच वेळ दाराशीच उभी होते. तू दादाची बहीण. तुला काय वाटेल, हे मी खरंच विचारते आहे. न आवडलं तर तसं लिही, मी रागावणार नाही.

वहिनी

३ जुलै

वहिनी,

आधी मला काय वाटतं ते. मला बरं वाटलं. दादालाही वाटलं असतं असं मी म्हणणार नाही, तो अशा बाबतीत जरा हेकट होता. पण मला वाटलं. फिटरला सांग, बेअरिंग बसवून जा.

आता दुसरं. डबी वापरू नका.

सर परदेशी गेलेत म्हणून मी दमटपणाची परीक्षा उरकून घेतली. बंद पेटीत पाण्याची वाफ भरली आणि गॅस सोडला. चकतीवर पाणी धरतं, तेवढ्याशा सेलवर ती नीट तापत नाही आणि सुयांना गॅस कळायला वेळ लागतो. मी 'थोडी मंदावते' असं लिहिलं होतं. ते थोडं नाही. कोरड्या हवेत श्वास घेऊन सोडेपर्यंत लाल होणारा दिवा इथे चहा गार होईतो हिरवाच होता. तुमचा हौद म्हणजे नुसती वाफ.

फोनच करणार होते. हातात घेतलाही. मग वाटलं, तू जिन्यात उभी असशील आणि विचारशील, "म्हणजे ती खोटी का गं?" त्यावर काय बोलायचं ते सुचेना. डबी कपाटात ठेवून दे. मी दुसरी करते.

वन्सं

१५ जुलै

वन्सं,

तुझं पत्र काल पोचलं.

सहा तारखेला फिटर हौदात उतरला आणि खाली कोसळला. मुकादमाने आणि दोघांनी मिळून त्याला दोराने ओढून काढलं. जीव वाचला. दवाखान्यात आहे. अजून कोणाला ओळखत नाही, डॉक्टर म्हणतात मेंदूला हवा कमी पडली.

डबी त्या दिवशी कपाटातच होती. मी काढून द्यायला विसरले. सगळ्यांना हेच सांगितलंय आणि हेच खरं आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

डबी परत पाठवते आहे. इथे तिचं काही काम नाही.

वहिनी

१८ ऑगस्ट

वहिनी,

हे पत्र मी लिहू नये असं मला वाटतं. पण न लिहिता तुझ्याशी पुन्हा साधं बोलता येणार नाही.

मी डबी उघडली. टोपीच्या आतल्या कडेला राखाडी लगदा वाळलेला होता. चकती काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. सुयांचं रान आडवं झालं होतं, पाण्यात भिजून पुन्हा वाळल्यासारखं, गठ्ठे धरलेलं. तपासलं तर सगळीकडे गंधक, अगदी आतपर्यंत. नाल्यावर क्षणभर धरून एवढं होत नाही. ती भरपूर गॅसमध्ये बराच वेळ होती. कपाटात नव्हती.

तू मला वाचवायला खोटं लिहिलंस हे कळलं. पण मला वाचवू नकोस. दिवा हिरवा होता म्हणून तो उतरला ना? तसं असेल तर ते माझं आहे. मला दमटपणाचं माहीत होतं. आकडा नव्हता, पण अंदाज होता. तरी मी 'थोडी' लिहिलं, कारण तू मागितली होतीस आणि मला ती द्यायची होती. मग आकडा हातात आला तेव्हा फोन केला नाही.

पेपर छापून आलाय. सरांना मी सांगितलं. त्यांनी शांतपणे पान काढून दाखवलं. तिथे लिहिलंय, 'कोरड्या हवेत'. म्हणाले, "आपण कुठे खोटं बोललो?" तेव्हापासून पोलादी डबे धुऊन पालथे ठेवलेत. लॅबमध्ये जाते, बसते, परत येते.

जे झालं ते लिही.

वन्सं

५ सप्टेंबर

वन्सं,

तुला वाचवायला नाही गं. तू मला फार चांगली समजतेस.

त्या दिवशी पंप तुंबला. फिटर दोर घ्यायला आला. मी म्हटलं, "आज मी येते. मला पाठ करून बसायचं नाही." तो म्हणाला, "या." मुकादम पलीकडे व्हॉल्व्ह बंद करायला गेला होता. काठावर आम्ही दोघंच. डबी मी माझ्या हाताने सोडली, अगदी पाण्याच्या वर टेकेपर्यंत. आम्ही थांबलो. दिवा हिरवा. आणखी थांबलो. हिरवाच. फिटर माझ्याकडे बघून म्हणाला, "काय, उतरू?"

तुझ्या पत्रातलं ते 'थोडी मंदावते' मला आठवत होतं. अगदी आठवत होतं. वाटलं, थोडं म्हणजे किती, एवढं तर थांबलो. आणि दुसरंही वाटलं, की आता कुठे भीती गेलीय, ती परत बोलावू नये. मी म्हटलं, "जा."

तो शिडीच्या मधोमध पोचला असेल, तेव्हा दिवा लाल झाला. मी ओरडले. त्याने वर बघितलं. हात सुटला.

मुकादम धावत आला तेव्हा डबी माझ्या ओच्यात होती. मी कधी ओढून घेतली मला माहीत नाही. त्याने विचारलं, "डबी लावली नव्हती?" मी म्हटलं, "कपाटात राहिली." माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं. एकदा पडल्यावर परत घेता आलं नाही.

दवाखान्यात मला दोनदाच आत सोडलं. तिसऱ्यांदा त्याच्या भावाची बायको दारात आली. "तुम्ही कोण त्यांच्या?" मी काय सांगणार. "कामावरची," म्हटलं. ती म्हणाली, "कामावरच्या माणसांनीच ही वेळ आणली." ती काही चुकीचं बोलली नाही. आता भावाने त्याला आपल्या घरी नेलंय. ठमी विचारते, भूमिती अर्धी राहिलीय, काका कधी येणार.

अजून एक आहे, ते सगळ्यात वाईट. मी डबी कपाटात होती म्हणून सांगितलं ना. आता कारखान्यातला प्रत्येक माणूस म्हणतो, डबी लावली असती तर फिटर धडधाकट असता. डबी तुझ्याकडे दुरुस्तीला पाठवली असं मी मुकादमाला सांगितलंय, तर तो रोज विचारतो, वन्संची डबी दुरुस्त होऊन परत कधी येणार. पंप पुन्हा तुंबायला लागलाय. ती आल्याशिवाय उतरणार नाही म्हणतात, आणि आली की लगेच उतरतील.

वहिनी

२० सप्टेंबर

वहिनी,

डबी येणार नाही. या वेळी मी फोन केला. कारखान्यात लावून मुकादमाशी बोलले. ओल्या जागी माझी डबी उशिरा बोलते, तिच्यावर विसंबून कोणी हौदात पाय ठेवू नये, आणि हे मला आधी माहीत होतं, असं सांगितलं. तुझं काहीच सांगितलं नाही. ते तुझं तू ठरव. मी सांग म्हणणार नाही आणि सांगू नकोस असंही म्हणणार नाही.

तू 'जा' म्हणालीस ते माझ्या शब्दावर. हे मी तुझं ओझं कमी व्हावं म्हणून लिहीत नाही, ते होणार नाही हे मला कळतं. सरांना मी काम सोडत असल्याचं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, मला ती सुयांची चित्रं आता बघवत नाहीत. ते म्हणाले, सुट्टी घे. त्यांना ते खरंच तेवढंच वाटतं.

इथली खोली या महिन्यात सोडते आहे. तुझ्याकडे येऊ का, हे विचारायचा धीर होत नाही.

वन्सं

१४ ऑक्टोबर

वन्सं,

ये. खाट एकच आहे, ठमीला मध्ये घालून झोपू.

मी सांगितलं. मुकादमाला तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बसले होते तिथे उभी राहिले आणि डबी कपाटात नव्हती, मीच सोडली होती, मीच उतरायला सांगितलं, असं म्हटलं. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकेक जण डबा बंद करून उठून गेला. मुकादम शेवटी उठला. म्हणाला, "मग आता आम्ही कशावर उतरायचं?" साहेबांनी मला स्टोअरमधून काढून कागद कापायच्या विभागात टाकलं. तिथून हौद दिसत नाही. पंप परवा दुरुस्त झाला. कोण उतरलं ते मी विचारलं नाही. नाकावर विसंबूनच उतरलं असेल.

रविवारी फिटरच्या भावाकडे गेले. त्याची बायको दार लावणार होती, मी म्हटलं, "त्यांना एक सांगायचंय, मग जाते." तिने काय बघितलं माझ्या चेहऱ्यात कोण जाणे, आत येऊ दिलं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, केस नीट बसवलेले. मला बघून थोडा सरकला, अनोळखी बाईला जागा द्यावी तसा.

मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. हौद, डबी, हिरवा दिवा, त्याने विचारलं उतरू का, मी म्हटलं जा, मग लाल झाला. काही ठेवलं नाही. तो अगदी लक्ष देऊन ऐकत होता. मध्ये एकदा त्याने मान हलवली, पंपाचं ऐकल्यावर पूर्वी हलवायचा तशी, आणि मला वाटलं, आठवलं.

मी थांबले तेव्हा तो थोडा पुढे वाकला. काळजीने विचारलं, "मग तो माणूस वाचला का, बाई?"

मी म्हटलं, "हो. वाचला."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीकडे बघायला लागला.

वहिनी